वाचकांचे प्रश्न : नेमबाजी, बंदूक आणि परवाना

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ब्राँझपदक घेतलं, तेव्हापासून नेमबाजीवरची पत्रं थांबलेली नाहीत. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न असतो : कोणती बंदूक घेऊ? बाकीच्या पत्रांत परवाना, वारसाची बंदूक आणि पावसाळ्यातली दुरुस्ती. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्र. मुलगी आठवीत आहे. ‘स्वप्नीलदादासारखी रायफल पाहिजे’ म्हणून हट्ट धरलाय. घरची पंचवीस-तीस हजारांपर्यंत तयारी आहे. कोणती रायफल घ्यावी?
— एक पालक, राजारामपुरी

उ. तूर्त कोणतीच घेऊ नका. स्वप्नील यांनी पदक मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) प्रकारात. त्या रायफलीत .२२ चं काडतूस लागतं आणि ती परवान्याशिवाय ठेवता येत नाही. मुलीची सुरुवात १० मीटरपासून होईल, म्हणजे .१७७ (४.५ मिमी) छऱ्याची एअर रायफल किंवा एअर पिस्तूल. निदान सहा महिने क्लबच्या बंदुकीवर सराव करू द्या. कोल्हापुरात दुधाळीच्या रेंजवर किंवा विभागीय क्रीडा संकुलात चौकशी केलीत तर प्रशिक्षक भेटतील.

या सहा महिन्यांत दोन गोष्टी कळतात. पहिली, तिचा नेमाचा डोळा कोणता ते. दोन्ही हात लांब करून अंगठे आणि तर्जन्यांमध्ये लहानशी फट धरायला सांगा आणि त्यातून दूरच्या दिव्याकडे बघायला सांगा. मग एकेक डोळा मिटायला सांगा. जो डोळा मिटल्यावर दिवा फटीतून नाहीसा होतो, तो नेमाचा डोळा. हात उजवा आणि डोळा डावा निघाला तर डाव्या खांद्यावरून शिकायचं की उजव्यावरून, हे प्रशिक्षकाने आधी ठरवायला हवं. डावखुऱ्या नेमबाजाची रायफल वेगळी येते. आधी उजवी घेऊन ठेवलीत तर ती विकत बसावी लागेल.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रकार. एअर रायफलीत ओपन साइट (नेम धरायला मागे उघडी खाच) आणि पीप साइट (मागे बारीक भोक) असे दोन रस्ते आहेत. ओपन साइटच्या स्पर्धा आपल्याकडच्या राष्ट्रीय नियमांनुसार होतात, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो प्रकार नाही. तुमच्या रकमेत देशी बनावटीची चांगली ओपन साइट रायफल येईल. पीप साइटची मॅच, म्हणजे खास स्पर्धेची रायफल (फाइनवेर्कबाउ, वॉल्थर, अँशुट्झ, स्टायर यांची) लाखांच्या घरात जाते. मधली, म्हणजे साध्या रायफलीला पीप साइट जोडलेली बंदूक घेऊ नका. तिचा ट्रिगर आणि दस्ता मॅचच्या तोडीचे नसतात, गुण एका ठिकाणी अडकतात आणि वर्षभरात दुसरी घ्यावी लागते. पीप साइटमध्येच जायचं ठरलं तर आधी शूटिंगचे बूट, नंतर वापरलेलं जॅकेट, आणि रायफल सर्वांत शेवटी. वाढत्या वयात नवं जॅकेट शिवून घेऊ नका, दीड वर्षात खांद्यात आखडतं आणि मग त्याचा उपयोग उरत नाही.

रायफल बघायला जाल तेव्हा ब्रँडच्या आधी माप बघा. दस्त्याची लांबी, गालाखालची पट्टी आणि खांद्याची प्लेट, तिन्ही सरकवता यायला हवीत. नियमाने रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, पण चाळीस किलोच्या मुलीने साडेपाच किलोची रायफल साठ फैरी धरली की पाठ वाकते आणि ती वाकडी सवय पुढे सुटत नाही. साडेतीन ते चार किलोवर सुरुवात करावी, जोर वाढेल तसं वजन वाढवावं.

तिला एवढं जरूर दाखवा : एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो. साठ फैरी, पंच्याहत्तर मिनिटं, प्रत्येक फैरीला अगदी मध्य साधला तर जास्तीत जास्त १०.९ गुण, म्हणजे कमाल ६५४. ठिपका बघून तिचा उत्साह वाढला तर पुढचा खर्च कारणी लागेल.

प्र. ऑनलाइन ‘१००० फूट प्रतिसेकंद’ वेगाची .१७७ एअरगन मिळते. दुसऱ्या जागी .२२ ची आहे. दोन्हींना परवाना लागत नाही असं विक्रेता म्हणतो. खरं आहे का?
— कागल

उ. .२२ बाबत त्याचं म्हणणं साफ चूक आहे. आयुध नियम २०१६ नुसार एअरगनला परवान्यातून सूट मिळते ती दोन अटी एकदम पाळल्या तर : नळीचं भोक .१७७ इंचापेक्षा मोठं नको, आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलच्या वर नको. .२२ ची एअरगन पहिल्याच अटीवर अडकते.

.१७७ च्या बाबतीत हिशेब करून बघा. वस्तुमान किलोग्रॅममध्ये, वेग मीटर प्रतिसेकंदात, वेगाचा वर्ग करून वस्तुमानाने गुणायचं आणि निम्मं करायचं. मॅच रायफलीचा छरा ०.५३ ग्रॅमचा, वेग साधारण १७५, म्हणजे ८ ज्यूलच्या आसपास. १००० फूट म्हणजे ३०५ मीटर. तोच छरा त्या वेगाने गेला तर २४ ज्यूलच्या वर जातो. मर्यादेत राहायला त्याचा वेग २७४ पर्यंतच हवा. जाहिरातीतला आकडा बहुधा हलक्यात हलक्या छऱ्यावर मोजलेला असतो, तरी ०.४५ ग्रॅमचा छरासुद्धा ३०५ ने गेला तर २० ओलांडतो. तेव्हा विक्रेत्याकडून ऊर्जेचा आकडा बिलावर लेखी घ्या. तो देत नसेल तर ती बंदूक घेऊ नका. नंतर ‘जोर वाढवून देतो’ म्हणणाऱ्याकडे स्प्रिंग बदलायलाही देऊ नका. बंदूक सवलतीतून बाहेर पडली की तुमच्याकडे विनापरवाना हत्यार आहे, एवढंच पोलीस बघतात.

आणि दहा मीटरच्या कागदी लक्ष्याला ८ ज्यूल पुरतात. त्याहून जोर लागतो तो दुसऱ्या कामाला, म्हणजे शिकारीला, आणि त्या कामाचं पुढे राधानगरीच्या पत्रात आलंच आहे.

प्र. क्लबात हातपंपाने भरायची एअर रायफल आहे. पावसाळा लागला की गुण पडतात. कधी पहिली फैर वर जाते, कधी सगळ्याच खाली. साइट रोज फिरवतो आहोत.
— दोन खेळाडू, शुक्रवार पेठ

उ. साइट फिरवणं आधी थांबवा. पहिली फैर वर जाणं आणि सगळ्या खाली येणं, हे दोन वेगळे आजार आहेत आणि साइटशी त्यांचा संबंध नाही.

बंदूक पाच-दहा मिनिटं ठेवून दिल्यावर पहिलीच फैर वर जात असेल आणि पुढच्या जागेवर येत असतील, तर रेग्युलेटर (दर फैरीला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) दाब धरून ठेवत नाही. आतली सील झिजलेली असते किंवा बसायच्या जागेवर कचरा बसलेला असतो. मधल्या वेळात हवा हळूहळू झिरपून पुढच्या कोठीत दाब वाढतो, आणि पहिला छरा वेगाने सुटतो. सगळ्या फैरी एकामागून एक खाली सरकत असतील तर सिलिंडरमधला दाब रेग्युलेटरच्या गरजेखाली गेलेला आहे.

याचा गुणांवर परिणाम किती? १७५ च्या वेगाने छरा दहा मीटर जाईपर्यंत सुमारे १६ मिमी खाली येतो. वेग १६५ झाला तर सुमारे १८ मिमी. फरक दोन मिलिमीटरचा. पण एअर रायफलीत दोन वर्तुळांमधलं अंतर अडीच मिलिमीटर आहे, म्हणजे वेगात दहा मीटरची घट झाली की जवळजवळ ०.८ गुण हातचा जातो, तोही नेमबाजाची काही चूक नसताना. वेगमापक मिळाला तर दहा फैरी मोजून बघा. चांगल्या रायफलीत सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातला फरक दोन-तीन मीटरच्या आत असतो.

आता पावसाळ्याचं. हातपंप बाहेरची हवा दाबून भरतो. जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा ओली असते, आणि दोनशे बारपर्यंत दाबल्यावर त्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. ते सिलिंडरच्या तळाशी साचतं, आतून गंज धरतो, आणि गंजाचे कण रेग्युलेटरात जाऊन बसतात. तुमच्या पहिल्या आजाराचं मूळ बहुधा हेच. उपाय असे : पंपाला हवा सुकवणारा फिल्टर लावा आणि त्यातले दाणे रंग बदलले की बदला. पन्नास-साठ दट्ट्यांनंतर पंप दहा मिनिटं थंड होऊ द्या आणि खालचा झडपस्क्रू उघडून पाणी सोडा. बाहेर पांढरट फवारा आला तर ते पाणीच आहे. जमलं तर पावसाळ्यात डायव्हिंगच्या टाकीतली कोरडी हवा वापरा. टाकीतून भरताना झडप अगदी थोडी उघडा. भरभर भरलं की सिलिंडर तापतो, काटा दोनशेवर दिसतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. ऑक्सिजन कधीही भरू नका. तेलाचा किंवा ग्रीजचा अंश लागला तर स्फोट होतो.

सिलिंडरवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते. दहा वर्षं उलटली की स्पर्धेच्या साधन तपासणीत तो बाद होतो, आणि ते योग्यच आहे. वापरलेली रायफल घेताना बरेच जण नळी बघतात, तारीख बघत नाहीत. ती आधी बघावी.

छऱ्यांचा डबाही बघा. पांढरी भुकटी धरली असेल तर शिसं ओलाव्याने खराब झालंय, तो डबा सरावालाही नको. मागचा घेर चेपलेला छरा बाजूला काढा, एकटीच फैर आठात जाते ती बहुतेक त्याने.

प्र. उजव्या हाताने एअर पिस्तूल चालवतो. फैरी डावीकडे खाली जातात. शिवाय मागच्या स्पर्धेत ट्रिगरच्या वजनात पिस्तूल नापास झालं.
— जयसिंगपूर

उ. आधी दहा फैरींचा पुंजका बघा. पुंजका घट्ट असून डावीकडे खाली असेल तर मागची साइट वर-उजवीकडे न्या, बाकी काही करू नका. पसरट असेल तर साइटला हात लावू नका. फैर सुटायच्या क्षणी बोटाबरोबर सगळी मूठ आवळली जाते, म्हणून नळी खाली-डावीकडे झुकते. लक्ष्य उलटं लावून कोऱ्या पांढऱ्या कागदावर सराव करा. काळा गोल नसला की तो निसटेल या भीतीने ट्रिगर ओढला जात नाही. नजर पुढच्या साइटवर ठेवा, काळा गोल धूसर दिसला पाहिजे. सराव अर्ध्याहून अधिक बिनछऱ्याचा असू द्या.

मुठीचंही तपासा. डोळे मिटून पिस्तूल उचला, मग उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत एका बाजूला दिसत असेल तर मूठ तासायला हवी, मनगट वळवून ती मधे आणू नका.

ट्रिगरला नियमाने किमान ५०० ग्रॅम लागतात. नळी सरळ वर धरून ट्रिगरला वजन अडकवतात आणि उचलतात, ट्रिगर सुटायला नको. बरोबर ५०० वर लावलेलं पिस्तूल घरी पास होतं आणि तपासणीत पडतं, कारण तापमानाने आणि वापराने ते पाच-दहा ग्रॅम उतरतं. ५१५ ते ५२० वर लावा. सिलिंडर चढवून, कॉक करून (फैरीसाठी सज्ज करून) मोजा, कारण तपासणी त्याच स्थितीत होते. ही पंधरा-वीस ग्रॅमची सोय केली नाही तर तपासणीच्या टेबलावर स्क्रू फिरवत बसावं लागतं, आणि पहिल्या दहा फैरी नव्या ट्रिगरवर जातात.

प्र. गवे आणि रानडुकरं ऊस, भात ठेवत नाहीत. शेतीसंरक्षणाचा परवाना मिळेल का? ठासणीची बंदूक चालेल?
— शेतकरी, राधानगरी तालुका

उ. तुमचं नुकसान खरं आहे, म्हणून नीट वाचा. पीक आणि गुरांच्या संरक्षणासाठी वेगळा परवाना असतो, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. पण राधानगरी अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहत असाल तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही. अर्ज करण्याआधी हे अंतर बघा, म्हणजे हेलपाटे वाचतील.

परवाना मिळाला तरी त्यात जनावर मारायची मुभा येत नाही. त्यासाठी वनविभागाची वेगळी लेखी परवानगी लागते. गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. पिकात शिरला म्हणून त्याच्यावर गोळी झाडणं शिकार ठरतं, आणि गोळी चुकली तरी, कारण कायद्यात शिकारीचा प्रयत्नही शिकारच आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना नाइलाजाने मारलं तर गुन्हा नाही. पीक वाचवणं त्यात बसत नाही. नुकसान दिसलं की त्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, ठसे आणि पीक फोटोत घ्या, पंचनामा होईपर्यंत शेत नांगरू नका.

प्र. आजोबा वारले. त्यांच्या नावे १२ बोअरची दुनळी होती. घरात वडिलांच्या नावे आधीच दोन बंदुका आहेत. काय करायचं?
— गडहिंग्लज

उ. पहिलं काम : बंदूक आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या. धारक गेल्यावर तो परवाना कुटुंबातल्या दुसऱ्याला चालत नाही, कपाटात बंद ठेवली तरी चालत नाही.

वारसाच्या नावे करायचं तर मूळ परवाना, मृत्यूचा दाखला, जमा पावती आणि इतर वारसांची ना-हरकत घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत अर्ज करा. वडिलांच्या नावे मात्र होणार नाही. आयुध कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाची धरून. आई, काका किंवा तुम्ही, वय २१ पूर्ण असेल तर, अर्ज करू शकता. ज्यांच्या घरी वयस्कर धारक आहेत त्यांनी हेही ध्यानात ठेवावं : धारकाची सत्तरी झाली किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्यांच्याकडे असली, तर ते हयात असतानाच वारसाच्या नावे करता येते. त्यांची सही मिळते आहे तोवर हे काम उरकावं.

बंदूक मिळाल्यावर लगेच चालवू नका. जुन्या दुनळीची काडतुसाची कोठी बऱ्याचदा अडीच इंचांची, ६५ मिमीची असते. आजचं काडतूस बहुधा ७० मिमीचं. ते आत बसतं, म्हणूनच घात होतो : ७० हे उघडल्यानंतरचं माप आहे. फैर सुटताना काडतुसाच्या तोंडाची घडी उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब एकदम चढतो. नळीखालचे छाप वाचा, मापाची खूण शोधा. नळीवर वेलबुट्टीसारख्या वळणदार रेषा दिसल्या तर ती पट्ट्या पिळून केलेली दमास्कस नळी आहे. तिच्यात आजचं काडतूस अजिबात नको. परवानाधारक कारागिराला दाखवल्याशिवाय एकही फैर झाडू नका.

प्र. खेळासाठी .२२ रायफलचा परवाना कसा काढायचा? मुलगा १८ चा आहे.
— आजरा

उ. सर्वसाधारण अट वयाच्या २१ ची आहे. त्याखालच्या खेळाडूंसाठी नियमांत वेगळी सोय आहे, पण तिचा रस्ता क्लब आणि जिल्हा संघटनेतूनच जातो. एअर रायफलीत गुण दाखवल्याशिवाय कोणताही प्रशिक्षक शिफारस देत नाही, देऊही नये. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याची सरावाची .२२ रायफल दोनच्या मर्यादेत धरत नाहीत, ही सवलत कायद्यातच आहे. म्हणून क्लबाची मान्यता आधी बघा.

अर्ज नमुना ए-१ मध्ये, ऑनलाइन. ओळख, पत्ता, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि बंदूक घरी कुठे ठेवणार याचं हमीपत्र. कोल्हापुरात परवाना देणारे अधिकारी जिल्हाधिकारी, पोलीस चौकशी मधे होते. घरात लोखंडी कपाट भिंतीला बोल्टने पक्कं केलेलं हवं, काडतुसं दुसऱ्या कुलुपात. परवाना पाच वर्षांचा असतो. मुदत संपायच्या दोन महिने आधीच नूतनीकरणाला लावा.

प्र. भावाच्या वरातीत परवान्याच्या बंदुकीने हवेत दोन बार काढले तर?
— करवीर तालुका

उ. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवानाही जातो. हवेत गेलेली गोळी खाली येतेच, आणि वरातीत खाली माणसंच असतात. काढू नका.

प्र. वाड्यात लांब पडवी आहे. घरी दहा मीटरची रेंज करता येईल?
— शिवाजी पेठ

उ. करता येईल, पडवीच्या दोन्ही टोकांना दार नसेल किंवा ते आतून कडी लावून बंद करता येत असेल तर. गच्चीवर नको. छरा शेजारच्या गच्चीपर्यंत सहज पोहोचतो.

फैर झाडायच्या रेषेपासून लक्ष्याच्या पृष्ठापर्यंत १० मीटर, लक्ष्याचा मध्य १.४० मीटर उंचीवर, मोजमाप उभं राहायच्या जागेच्या जमिनीपासून. पडवीला उतार असतो, म्हणून पाण्याच्या नळीने पातळी बघून घ्या. मागे लाकडी खोका, त्यात ३ मिमीचा लोखंडी पत्रा वरचं टोक तुमच्याकडे झुकवून ४५ अंशांत, खाली जुन्या कपड्यांच्या चिंध्या. पत्रा सरळ उभा लावलात तर छरा परत अंगावर येतो. लक्ष्यावर १५०० लक्स उजेड लागतो, दिवा नेमबाजाच्या डोळ्यावर येणार नाही असा आडोसा करा. खोक्यातली शिशाची भुकटी कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय चहालाही हात लावायचा नाही. लहान मुलं असलेल्या घरात हा नियम मोडायचाच नाही, आणि ते फडकं घरच्या धुण्यात टाकायचं नाही.